अद्भुतरम्य कादंबरीचा खर्डा इतर लेखकांना वाचायला देताना

माझ्या पहिल्या अद्भुतरम्य कादंबरीचे पहिले वाक्य असे होते : 'त्या वर्षी पाऊस आला नाही आणि आईने आपली सावली सावकाराकडे गहाण ठेवली.' ज्या राज्याची ती गोष्ट होती तेथे माणसाची सावली खरोखरच अंगापासून सोडवून, घडी करून पेटीत ठेवता येत असे, तिच्यावर व्याज चढत असे, आणि मुदतीत ती सोडवली नाही तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी पायांना जोडली जात असे. या नियमांच्या सहवासात मी अडीच वर्षे काढली होती. एका लेखन-समूहातील सहा जणांना मी पहिले प्रकरण वाचायला दिले, तेव्हा त्यांपैकी चौघांनी ते वाक्य एक उत्तम प्रतिमा म्हणून वाखाणले. आईने स्वाभिमान गहाण टाकला, असा अर्थ त्यांनी लावला होता, आणि सहाव्या पानावर सावकार पेटी उघडतो तेव्हा तिच्यातून नेमके काय बाहेर येते आहे हे त्यांना कळेना.

चूक त्यांची नव्हती. वास्तववादी कादंबरीत लेखक जे लिहायचे विसरतो ते वाचक आपल्या अनुभवातून भरून काढतो. पात्र रुग्णालयात शिरले एवढे सांगितले की जंतुनाशकाचा वास आणि बाकावर ताटकळत बसलेली माणसे वाचक स्वतःच आणतो. अद्भुताच्या लेखकाला ही मदत मिळत नाही. उलट वाचकाचा अनुभव त्याला चुकीच्या दिशेला नेतो, कारण आपल्या रोजच्या भाषेत सावली हरवणे, काळीज दगडाचे होणे, जीव टांगणीला लागणे हे सारे लाक्षणिक अर्थानेच वापरले जाते आणि वाचक सवयीने तोच अर्थ घेतो. लेखकाच्या डोक्यात मात्र ते जग इतके भरीव असते की त्यातले काय कागदावर उतरलेलेच नाही, हे त्याला कितीही वेळा वाचून दिसत नाही. ते दुसऱ्यालाच दिसू शकते. लेखन-समूहाकडे जायचे ते यासाठी : डोक्यातले जग आणि कागदावरचे जग यांत कोठे अंतर राहिले आहे ते शोधून घेण्यासाठी. हे एक काम डोळ्यांसमोर ठेवले की खर्डा केव्हा द्यावा, किती द्यावा, काय विचारावे आणि आलेल्या अभिप्रायांचे काय करावे, यांपैकी बहुतेक गोष्टी आपोआप ठरत जातात.

केव्हा आणि किती

संपूर्ण कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा होईपर्यंत एकही प्रकरण बाहेर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पहिली तीन प्रकरणे लिहून ती लगेच समूहात वाचायला देणारे पुष्कळ लेखक मी पाहिले आहेत. अभिप्राय येतात, तीन प्रकरणे सुधारली जातात, पुन्हा दिली जातात, पुन्हा सुधारली जातात, आणि वर्ष उलटल्यानंतर त्यांच्याकडे अतिशय घोटीव अशी तीन प्रकरणे असतात, चौथे नसते. शिवाय अद्भुतरम्य कादंबरीत जगाचे नियम लिहिता लिहिताच पक्के होतात. माझ्या कथेत सावली मुदतीनंतर दुसऱ्याला जोडली जाते हा नियम मला एकविसाव्या प्रकरणात सुचला, आणि त्याने पहिल्या प्रकरणाचा अर्थच बदलून टाकला. त्याआधी मिळालेले अभिप्राय मला फारसे उपयोगी पडले नसते.

खर्डा पूर्ण झाल्यावर तो काही आठवडे बंद करून ठेवावा आणि मग एकदा सलग, शक्य तर मोठ्याने, वाचावा. मोठ्याने वाचताना उच्चारायला अवघड नावे जिभेला लगेच अडतात. जे दोष तुम्हाला स्वतःलाच दिसतात ते दुरुस्त करून मगच खर्डा बाहेर द्यावा, कारण ज्या वाचकाचे लक्ष त्या दोषांत खर्च होईल त्याच्याकडे, तुम्हाला न दिसणाऱ्या दोषांसाठी, लक्ष उरत नाही.

एका वेळी दोन ते तीन हजार शब्द पुरेत. ते पहिल्या प्रकरणाचे असावेत. मधली एखादी लढाई किंवा तुमच्या आवडीचा संवाद निवडू नये, कारण कोणताही खरा वाचक कादंबरीत मधूनच शिरत नाही. प्रस्तावनेसारखे एखादे पूर्वप्रकरण असेल, ज्यात हजार वर्षांपूर्वीचे युद्ध किंवा राजघराण्याची वंशावळ सांगितली आहे, तर ते काढून ठेवून पहिल्या प्रकरणापासून द्यावे. वाचकांना ते नसल्याचे जाणवले नाही तर ते पूर्वप्रकरण तुमच्यासाठी होते, पुस्तकासाठी नव्हते, हे कळेल. नकाशा, शब्दसूची, देवदेवतांची यादी यांपैकी काहीही सोबत जोडू नये. पुढे छापील पुस्तकात नकाशा असेलही. परंतु आत्ता तुम्हाला हे पाहायचे आहे की निव्वळ गद्याच्या आधारावर वाचक त्या प्रदेशातून चालू शकतो की नाही.

आधी दुसऱ्याचे वाचावे

समूहात शिरताच आपले प्रकरण पुढे करणे हे शिष्टाचाराला धरून नाही, आणि ते तुमच्या हिताचेही नाही. एक प्रकरण देण्याआधी निदान तीन लेखकांची प्रकरणे वाचून त्यांना सविस्तर अभिप्राय द्यावेत. त्यातून कोण कसे वाचतो हे कळते. पण त्याहून मोठा लाभ असा की दुसऱ्याच्या लेखनात आपण नेमके कोठे अडखळलो हे शब्दांत मांडायची सवय लागते, आणि ती सवय पुढे स्वतःच्या लेखनाकडे वळवता येते. अभिप्राय लिहिताना 'हे प्रकरण संथ आहे' असे न लिहिता 'राजपुत्र वाड्यात शिरल्यापासून तो पत्र उघडेपर्यंत माझे लक्ष दोनदा सुटले' असे लिहावे. पहिल्या वाक्यात निवाडा आहे, त्याच्याशी लेखक भांडू शकतो. दुसऱ्यात घडलेली गोष्ट आहे, आणि तिचे काय करायचे हे लेखक ठरवू शकतो. जे आवडले तेही असेच नेमकेपणाने सांगावे, कारण आपले बळ कोठे आहे हे नवोदिताला बहुधा माहीत नसते आणि पुनर्लेखनात तो नेमके तेच पुसून टाकण्याचा धोका असतो.

प्रोत्साहनाला कमी लेखू नये. ऑक्सफर्डमध्ये १९३० आणि १९४०च्या दशकांत जमणाऱ्या 'इंकलिंग्ज' या लेखकमंडळात जे. आर. आर. टोल्कीन आपली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी, ती लिहिली जात असताना, प्रकरणाप्रकरणाने वाचून दाखवत. ती पुढे १९५४ आणि १९५५ या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. त्याच मंडळातील सी. एस. लुईस यांचे आपल्यावर न फिटणारे ऋण आहे, आणि ते प्रभावाचे नसून निखळ प्रोत्साहनाचे आहे, अशा आशयाचे टोल्कीन यांनी नंतर लिहून ठेवले आहे. पुढचे प्रकरण ऐकण्याची इच्छा असलेला एक माणूस असणे, ही गोष्ट दीर्घ कादंबरीच्या बाबतीत फार मोठी असते. त्याच मंडळातील ह्यूगो डायसन यांना मात्र ही कथा मुळीच रुचत नसे, आणि त्यांच्या विरोधामुळे त्यांच्या उपस्थितीत ते वाचन पुढे बंद पडले. या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत घडल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. चांगल्या समूहातही तुमच्या प्रकारच्या लेखनासाठी चुकीचा ठरणारा वाचक असतो, आणि त्याला जिंकणे हे तुमचे काम नव्हे.

सोबतची टीप आणि प्रश्न

प्रकरणासोबत सात-आठ ओळींची एक टीप द्यावी आणि तिच्यात कथेचा खुलासा अजिबात करू नये. माझी टीप दुसऱ्या खेपेला अशी होती : 'प्रौढ वाचकांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबरीचे हे पहिले प्रकरण आहे, शब्द सुमारे २,८००. संपूर्ण कादंबरीचा दुसरा खर्डा तयार आहे, त्यामुळे रचनेत मोठे बदल करण्याची माझी तयारी आहे. प्रकरणात एका लहान मुलाच्या मृत्यूचा उल्लेख येतो. शुद्धलेखन आणि विरामचिन्हे तूर्त पाहू नयेत. शेवटी चार प्रश्न आहेत. ते प्रकरण वाचून झाल्यावरच पाहावेत.' प्रश्न शेवटी ठेवण्याचे कारण उघड आहे. सावलीबद्दलचा प्रश्न आधी वाचला असता तर वाचक सावलीवर डोळा ठेवूनच वाचत गेला असता.

प्रश्न कसे विचारावेत यावर मला अधिक वेळ द्यावासा वाटतो, कारण बहुतेक लेखकांची संधी येथेच वाया जाते. 'आवडले का?', 'कंटाळवाणे झाले का?', 'पुढे वाचाल का?' या प्रश्नांना सभ्य माणसे सभ्य उत्तरे देतात आणि त्या उत्तरांतून पुनर्लेखनासाठी काहीच हाती लागत नाही. अद्भुताच्या लेखकाने पहिला प्रश्न आकलनाचा विचारावा. मी विचारला तो असा : 'मागे न पाहता, या राज्यात सावलीचे काय काय करता येते ते तुमच्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत लिहा.' या एका प्रश्नाने मला जे दाखवले ते बाकीच्या सगळ्या अभिप्रायांनी मिळून दाखवले नसते. दुसरा प्रश्न अडखळण्याचा : कोणत्या ओळीपाशी थांबून मागे जावे लागले? तिसरा स्मरणाचा : कोणती नावे लक्षात राहिली आणि ती कोणाची? चौथा अपेक्षेचा : आता पुढे काय घडेल असे वाटते? वाचकाचा अंदाज चुकला तर बिघडत नाही, कित्येकदा तो चुकावा अशीच आपली इच्छा असते. परंतु वाचकाला कसलाच अंदाज करता येत नसेल तर प्रकरणाने त्याच्या हाती प्रश्नच ठेवलेला नाही.

स्मरणाच्या प्रश्नाचे उत्तर मला फार झोंबले होते. माझ्या पहिल्या आठ पानांत सतरा नवी नावे होती आणि वाचकांना सरासरी तीन आठवत होती. त्यांत 'मेघार' आणि 'मेधार' असे दोघे भाऊ होते. मला त्या नावांचा नाद आवडला होता, पण देवनागरीत घ आणि ध इतके सारखे दिसतात की दोन वाचकांनी तो छपाईचा दोष मानला. भ आणि म यांचेही तसेच होते. वाचक परके नाव अक्षर-अक्षर लावत बसत नाही, त्याची आकृती ओळखतो. म्हणून महत्त्वाच्या पात्रांच्या नावांची सुरुवात, लांबी आणि आकृती यांत ठळक फरक ठेवावा.

मराठीत लिहिणाऱ्याने घडवलेल्या नामांची आणखी एक परीक्षा करावी. आपण नवा शब्द घडवला की त्याला लिंग आणि सामान्यरूप द्यावेच लागते. सावली ठेवायच्या पेटीसाठी मी 'तमशी' हा शब्द योजला होता. एका प्रकरणात मी 'तमशीत' लिहिले होते आणि दुसऱ्यात, शब्द पुल्लिंगी समजून, 'तमश्यात'. वाचकांना त्या दोन वेगळ्या वस्तू वाटल्या. वाचक आपल्या अभिप्रायात तो शब्द कसा चालवतात हे पाहावे. सगळे जण तुमच्यापेक्षा वेगळेच लिंग देत असतील तर भाषेचा कल त्यांच्या बाजूने आहे, आणि बदल तुम्ही करावा.

वाचक जपून वापरावा

कोणताही वाचक तुमचे पहिले प्रकरण पहिल्यांदा एकदाच वाचू शकतो. ही साधी गोष्ट लक्षात न घेता आम्ही बहुतेक जण समूहातील सर्वांना एकदमच खर्डा देऊन टाकतो, आणि सुधारलेला खर्डा तपासायला कोरा वाचक उरत नाही. ज्याने जुना खर्डा वाचला आहे त्याला सावलीचा नियम आता ठाऊक असतो. नव्या खर्ड्यातून तो कळतो की नाही हे तो सांगूच शकत नाही, कितीही प्रामाणिक असला तरी. म्हणून बारा वाचक मिळण्यासारखे असतील तर पहिल्या खेपेला चौघांना द्यावे, पुनर्लेखनानंतर दुसऱ्या चौघांना, आणि उरलेले चौघे संपूर्ण कादंबरी सलग वाचण्यासाठी राखून ठेवावेत.

सलग वाचणारे वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. समूहात कादंबरी आठवड्याला एक प्रकरण अशी वाचली जाते, आणि त्यामुळे दोन प्रकारचे भ्रम निर्माण होतात. नवव्या प्रकरणात 'हा दर्यावर्दी कोण, आठवत नाही' अशी तक्रार आली तर ती दोन महिन्यांपूर्वी वाचल्यामुळे असू शकते. चार दिवसांत पुस्तक संपवणाऱ्याला ती अडचण येणार नाही. उलट एकाच प्रकारचा प्रसंग चौथ्या, सहाव्या आणि आठव्या प्रकरणात आला तर साप्ताहिक वाचकाला तो खुपत नाही, सलग वाचणाऱ्याला लगेच खुपतो. तेव्हा वाक्यांचा, संवादांचा आणि आकलनाचा कौल प्रकरणवार वाचकांकडून घ्यावा, आणि गतीचा, पुनरुक्तीचा व शेवटाचा कौल सलग वाचणाऱ्यांकडून.

अभिप्राय घेताना

अभिप्राय ऐकताना गप्प बसावे. ही केवळ नम्रता नाही, ती एक सिद्ध पद्धत आहे. अमेरिकेतील मिलफर्ड या गावी १९५६ साली विज्ञानकथालेखकांची जी परिषद सुरू झाली तिच्यात रूढ झालेल्या रीतीनुसार प्रत्येक सहभागी आळीपाळीने, कोणी मध्ये न बोलता, आपले मत मांडतो, तोपर्यंत लेखक एक शब्दही बोलत नाही, आणि सर्वांचे झाल्यावरच त्याला उत्तर देण्याची संधी मिळते. १९६८ साली सुरू झालेल्या सहा आठवड्यांच्या क्लॅरियन कार्यशाळेनेही हीच रीत स्वीकारली, आणि तेथून ती जगभर पसरली.

या मौनाचा खरा उपयोग मला उशिरा कळला. 'अहो, ती सावली खरोखरच गहाण ठेवली आहे' असे एका वाचकाला मी पहिल्याच खेपेला सांगून बसले, आणि त्या क्षणी तो वाचक माझ्या हातून गेला. त्यानंतर त्याने जे काही सांगितले ते माझ्या खुलाशाबद्दल होते, माझ्या प्रकरणाबद्दल नव्हते. पुस्तक वाचणाऱ्याच्या खुर्चीमागे लेखक उभा नसतो. आता खुलासा करण्याची ऊर्मी आली की मी तो खुलासा वहीत लिहून ठेवते, आणि अनुभव असा आहे की वहीतले ते वाक्य म्हणजे बहुतेक वेळा प्रकरणातून गळालेले वाक्य असते. लेखी अभिप्रायांच्या बाबतीतही हेच पाळावे : आभार मानावेत, हवे तर एखादा स्पष्टीकरणाचा प्रश्न विचारावा, आणि बचाव करू नये. चार दिवस तरी खर्ड्याला हात लावू नये.

त्यानंतर अभिप्रायांची वर्गवारी करावी. मी एका कागदावर तीन रकाने आखते : कोणती ओळ, वाचकाला तेथे काय झाले, आणि त्याने कोणता उपाय सुचवला. पहिल्या दोन रकान्यांवर मी जवळजवळ पूर्ण विश्वास ठेवते. वाचक अडखळला असेल तर तो अडखळला, त्यावर वाद होऊ शकत नाही. तिसरा रकाना मी वाचते आणि बहुधा बाजूला ठेवते, कारण वाचकाला पुढची चाळीस प्रकरणे माहीत नसतात. सावलीच्या वाक्यावर तिघांनी उपाय सुचवला होता की आरंभी एक परिच्छेद घालून राज्याचे नियम समजावून सांगावेत. अडचण खरी होती, उपाय माझ्या मते घातक होता; त्याने कथा थांबली असती आणि वाचकाला पाठ्यपुस्तक उघडल्यासारखे वाटले असते.

मी शेवटी जे केले ते येथे सविस्तर सांगते, कारण अद्भुतातील बहुतेक गैरसमजांवर हाच मार्ग चालतो असे मला दिसून आले आहे. पहिले वाक्य मी तसेच ठेवले आणि त्याच्यानंतर ही तीन वाक्ये घातली : 'तिसऱ्या प्रहरी ती अंगणात आली तेव्हा तुळईची, रांजणाची, माझी, सगळ्यांच्या सावल्या पूर्वेकडे लांबल्या होत्या. आईच्या पायांपाशी नुसती ऊन पडलेली जमीन होती. मी माझी सावली तिच्या पायांखाली यावी म्हणून सरकून उभी राहिले, आणि तिने मला हाताने दूर केले.' यात एकही नियम सांगितलेला नाही. पण लाक्षणिक अर्थाला आता जागा उरत नाही, कारण ऊन, जमीन आणि दिशा या इंद्रियांना कळणाऱ्या गोष्टी आहेत, आणि सावली नसण्यात लाज आहे हे आईच्या हाताने सांगितले आहे. अद्भुत गोष्ट आली की लगेच तिचा एखादा साधा, मोजता येण्यासारखा परिणाम दाखवावा; नियम वाचक स्वतः मांडतो, आणि स्वतः मांडलेला नियम तो विसरत नाही.

किती वाचकांनी एक गोष्ट सांगितली ते मोजावे, पण निव्वळ बहुमतावर जाऊ नये. चौघांपैकी तिघे एकाच ओळीपाशी थांबले असतील तर ती ओळ दुरुस्त करायचीच. मात्र एकटा वाचक पुरेसा ठरतो असेही विषय असतात. माझा एक निरोप्या एकाच घोड्यावर रात्रभर भरधाव जाऊन दोनशे किलोमीटर गाठत होता. घोड्यांची माहिती असलेल्या एकाच वाचिकेने लिहिले की घोडा पूर्ण वेगाने काही थोडेच किलोमीटर धावू शकतो आणि स्वारासह दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर ही साधारण प्रवासाची मजल आहे. बाकी कोणाला ते खटकले नव्हते. तरीही मी टप्प्याटप्प्यावर घोडे बदलण्याची चौकी लिहिली आणि त्या चौकीवरील म्हातारा पुढे कथेतील महत्त्वाचे पात्र झाला. जे जग सावल्या गहाण ठेवण्याची मुभा मागते त्याने घोडे, ऊन, भूक आणि अंतरे यांत चोख असावे, कारण वाचकाचा विश्वास तेथूनच येतो.

अद्भुत या प्रकाराचीच ज्याला आवड नाही अशा वाचकाचा अभिप्राय भाषेपुरता घ्यावा. 'हे सगळे खऱ्या जगात का घडत नाही?' हा प्रश्न तुमच्या प्रकरणाबद्दल नाही. आणि एखाद्याचा अभिप्राय लेखनावरून घसरून लेखकावर येत असेल, तर त्याला उत्तर न देता त्याच्याकडे पुढचे प्रकरण पाठवणे थांबवावे.

पुनर्लेखनाचा क्रम मोठ्याकडून लहानाकडे असावा : आधी जगाचे नियम आणि घटनांची मांडणी, मग प्रसंग, मग वाक्ये, आणि शुद्धलेखन अगदी शेवटी.

हक्कांविषयी थोडेसे

कल्पना चोरीला जाईल या भीतीने पुष्कळ जण खर्डा कोणालाच दाखवत नाहीत. १८८६ च्या बर्न करारात सहभागी असलेल्या देशांत लेखनावरचा स्वामित्वहक्क कोणत्याही नोंदणीवर अवलंबून नसतो, आणि त्या देशांची संख्या फार मोठी आहे. हे संरक्षण तुमच्या शब्दांना आणि मांडणीला मिळते, कल्पनेला मिळत नाही. परंतु सावली गहाण ठेवण्याची कल्पना दहा लेखकांना दिली तर दहा वेगळ्या कादंबऱ्या होतील. प्रत्येक खर्ड्याची तारखेसह प्रत जपून ठेवावी, एवढी दक्षता पुरे. त्याहून खरा धोका दुसरा आहे. जो मजकूर कोणालाही मोकळेपणाने वाचता येईल अशा जागी ठेवला आहे तो काही प्रकाशक आणि नियतकालिके आधीच प्रसिद्ध झालेला मानतात आणि स्वीकारत नाहीत. म्हणून समूह फक्त सदस्यांपुरता बंदिस्त आहे ना हे आधी पाहावे, आणि संपूर्ण कादंबरी कोठेही एकत्र न ठेवता सलग वाचणाऱ्यांना स्वतंत्रपणे पाठवावी.

केव्हा थांबावे

अभिप्राय येतच राहतात आणि त्यांना अंत नसतो, त्यामुळे एखादे प्रकरण दाखवणे केव्हा थांबवायचे हे लेखकालाच ठरवावे लागते. मी यासाठी वाचकांच्या प्रश्नांचा रोख पाहते. पहिल्या खेपेला आलेले प्रश्न 'हे काय आहे?' या प्रकारचे होते : पेटीत काय आहे, सावली म्हणजे नेमके काय. नवी तीन वाक्ये घातल्यानंतर मी ते प्रकरण चार नव्या वाचकांना दिले आणि तोच पहिला प्रश्न विचारला. चौघांनीही नियम बरोबर मांडला. त्यांपैकी एकीने खाली लिहिले होते : 'सावली गहाण असताना बाळ जन्माला आले तर त्याला सावली असते का?' तिला उत्तर न देता मी तो प्रश्न वहीत उतरवला, पहिले प्रकरण बाजूला ठेवले आणि तेराव्या प्रकरणातील बाळंतपणाचा प्रसंग काढून वाचायला बसले.